हरकत शून्य

१

पेटी उघडली तेव्हा मी सगळ्यांच्या पुढे उभी होते. गर्दीत पुढे जायचं तर कोपरं लागतात, आणि माझी कोपरं चांगली टोकदार आहेत.

लायब्ररीच्या वाचनकक्षात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे पेन्सिल पडली तरी माना वळतात. आज माणसं खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती, कपाटांना टेकली होती, एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत होती. सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या पत्र्याच्या पेटीवर.

पालिकेला लायब्ररी आणि शेजारचं समाजकेंद्र एकत्र करायचं होतं. म्हणजे पुस्तकं समाजकेंद्राच्या वरच्या मजल्यावर कपाटांत जाणार आणि वाचनकक्षाच्या जागी समारंभाचा हॉल होणार. पुस्तक घ्या, घरी जा, घरी वाचा. यावर रहिवाशांचं काय म्हणणं आहे ते विचारायला ही पेटी ठेवली होती. चिठ्ठीवर मत लिहायचं, वाटलं तर खाली नाव घालायचं आणि वरच्या फटीतून आत टाकायची.

'घरी वाचा' म्हणणाऱ्या माणसाला मी एकदा घरी बोलावणार आहे. आमचं घर बाबांच्या पत्र्याच्या वर्कशॉपच्या डोक्यावर आहे. खाली हातोडा पडला की वर माझ्या वहीतली अक्षरं उडी मारतात. बाबा मला छिन्नी म्हणतात, आता सगळी गल्लीच म्हणते. पण छिन्नीलासुद्धा कधीतरी ठणठणाटातून सुट्टी हवी असते. वाचनकक्षातली खिडकीजवळची खुर्ची हीच माझी सुट्टी. तिथे बसायला लागल्यापासून मला गणितात असे मार्क पडले की सरांनी माझा पेपर शेजारणीच्या पेपरशी ताडून बघितला. पुढच्या वर्षी मोठी परीक्षा. ती खुर्ची गेली तर मी हातोड्याच्या तालावर प्रमेयं म्हणायची.

पालिकेच्या साहेबांनी कुलूप तपासलं. शाबूत. किल्ली फिरवली, झाकण उघडलं, पेटी उलटी केली.

मूठभर चिठ्ठ्या पडल्या.

साहेबांनी पेटी हलवली. मग आत हात घालून बघितलं. मग एकेक चिठ्ठी वाचली. 'विलीनीकरणास पाठिंबा.' 'उत्तम कल्पना.' 'हॉलची फार गरज आहे.' सगळ्या एकाच सुरात.

"हरकत शून्य," असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

माझी चिठ्ठी मी माझ्या हाताने त्या पेटीत टाकली होती. आणि ती पाठिंब्याची नक्कीच नव्हती.

२

"असं होऊच शकत नाही," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. हल्ली तो निघतो.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "काय झालं, बाळ?"

"माझी चिठ्ठी पिवळी होती. यात एकही पिवळी नाही."

मागे कुजबूज सुरू झाली. माझीपण पिवळी. आमच्या घरच्या सगळ्यांच्याच पिवळ्या. कारण साधं होतं. पेटी ठेवली त्या दिवशी छोटा समारंभ झाला. पालिकेने आणलेल्या गुळगुळीत पांढऱ्या चिठ्ठ्या समाजकेंद्राच्या समितीने, त्यांच्या मेहुण्या-साडूंनी फोटो काढून घेत टाकल्या आणि तिथेच त्या संपल्या. दुसऱ्या दिवसापासून ग्रंथपालबाईंनी पिवळा कागद कापून चिठ्ठ्या केल्या. आम्ही बाकीचे सगळे पिवळे.

"कुलूप तर फोडलेलं नाही," समाजकेंद्राचे व्यवस्थापक म्हणाले. यांना आम्ही हॉलकाका म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य हॉलपाशी येऊन थांबतं. "साहेब, या कुलपाला किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे. दुसरी..." साहेब आठवायला लागले.

"माझ्याकडे," बाबा मागून म्हणाले. पेटी त्यांनीच बनवली होती, कुलूपही त्यांनीच आणलं होतं. ते पुढे आले, जुडग्यातून किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली. "तुम्ही मागितलीच नाहीत. मीही विसरलो."

सगळ्या माना त्या किल्लीकडे वळल्या.

"घ्या," हॉलकाका म्हणाले. "म्हणजे मत आपल्या विरुद्ध जातंय असं दिसल्यावर चिठ्ठ्या काढल्या, आणि आता बोंब मारून सगळं रद्द करायला लावायचं. हॉल होऊ नये म्हणून लोक काय काय करतात."

"काका, तुम्ही माझ्या बाबांना चोर म्हणताय?"

"मी हॉलबद्दल बोलतोय, गं."

साहेब मात्र शांतपणे म्हणाले, "हे बघा, दोनच गोष्टी शक्य आहेत. पेटी ठीक आहे, मग हरकत शून्य. किंवा पेटीत हात घातला गेलाय, मग किल्ली यांच्याकडे होती असं मला अहवालात लिहावं लागेल. पुन्हा चिठ्ठ्या मागवू, पण अहवालात यांचं नाव राहील. उद्या सकाळी इथेच सुनावणी आहे. तोवर ठरवा."

त्यांनी हे बाबांना सांगितलं. पण बाबा टेबलाकडे बघत राहिले, म्हणून ते मी ऐकलं.

३

साहेब आणि हॉलकाका चहाला गेले. पेटी तिथेच होती, रिकामी. मी तिच्याजवळ गेले.

बाबांचं काम मला पाठ आहे. कुठलीही फट कापली की ते तिची कड आत दुमडतात, कुणाचं बोट कापू नये म्हणून. मी फटीत बोट घातलं आणि त्या दुमडीखालून फिरवलं.

बोट चिकटलं.

झाकणाला आतून बघितलं तर दुमडीच्या चारही बाजूंना चिकटपट्टीचा डिंक होता, त्यावर धुळीची काळी रेघ. बाबा चिकटपट्टी वापरत नाहीत. चिकटपट्टीने काम करणाऱ्या माणसाबद्दल ते जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी धावत वर्कशॉपमध्ये गेले. बाबा आधीच येऊन बसले होते, पण हातोडा खाली. ते बघून मला जास्तच भीती वाटली.

"बाबा, ती पेटी बनवताना एक झाकण चुकलं होतं ना? ते कुठंय?"

"भंगारात. कशाला?"

झाकण सापडलं. पुस्तकांना घालतात तसल्या पातळ पारदर्शक कव्हराची मी लांबट पिशवी केली, ती फटीतून आत सोडली आणि तिचं तोंड दुमडीखाली चिकटपट्टीने चिकटवलं. मग वरून कागदाचे कपटे टाकले. ते आत गेले, पण खाली पडले नाहीत. पिशवीत राहिले. बाहेरून काही कळत नव्हतं. मग मी दोन बोटांनी पिशवीची कड धरून ओढली. पिशवी, कपटे, सगळं फटीतून अलगद वर आलं.

"कुलपाला हात लावायलाच नको," मी म्हणाले. "पेटीच्या पोटात दुसरं पोट. पहिल्या दिवशी पिशवी नव्हती, म्हणून पांढऱ्या चिठ्ठ्या तळाला गेल्या. त्यानंतर ज्याने ती लावली त्याला सगळ्या पिवळ्या मिळाल्या."

बाबांनी पिशवी उलटसुलट करून बघितली. त्यांच्या मिशीखाली हसू येऊन गेलं. "छिन्नी ती छिन्नी." मग हसू मावळलं. "पण साहेब म्हणेल, पिशवी तूच लावलीस. कसं केलं ते कळलं. कोणी, ते नाही."

"कोणी तेही कळेल."

"कधी? सुनावणी उद्यावर आली."

४

मी परत लायब्ररीत गेले. कव्हराची गुंडाळी काउंटरवर उघडीच असते, शेजारी चिकटपट्टी. येणारा-जाणारा कुणीही एक तुकडा कापून घेतो. म्हणजे वस्तूवरून माणूस सापडणार नव्हता. माणसांनाच विचारावं लागणार होतं.

हॉलकाका दारातच भेटले. हातात टेप, वाचनकक्षाची रुंदी मोजत होते. वाचणाऱ्यांच्या पायांतून.

"काका, अजून हॉल झाला नाही."

"होणारच आहे. टेपचं टोक धर जरा."

मी धरलं नाही. "पेटीजवळ तुम्ही कधी यायचात?"

"मी कशाला येऊ? माझी चिठ्ठी पहिल्याच दिवशी गेली, फोटोसकट." ते टेप गुंडाळत म्हणाले, "मला विचारण्यापेक्षा तुमच्या त्या बाईंना विचार, आमच्या दोघांत मिळून असलेला सुतार गेले कित्येक दिवस एकट्या कशा वापरतात ते. खुर्च्यांना रबर लाव, कोपऱ्यातला पंखा उतरव, बायकांच्या स्वच्छतागृहाची कडी बदल. माझ्या स्टेजची फळी तशीच लोंबतेय. पाडायच्या घराला कोणी रंग देतं का?"

यात तथ्य होतं. खुर्च्या सरकवताना आता किंचाळत नव्हत्या. मला वाटलं होतं मलाच सवय झाली.

पेपरआजोबा त्यांच्या ठरलेल्या बाकावर होते. ते लायब्ररी उघडताना येतात आणि बंद होताना त्यांना उठवावं लागतं. पेटी त्यांच्या डोळ्यांसमोरच होती.

"आजोबा, पेटीशी कोणी खुडबूड करताना दिसलं?"

"पोरी, मी पेपर वाचतो. पहारा देत नाही." मग पेपरची घडी घालत, "नाही दिसलं. लोक यायचे, टाकायचे, जायचे. हॉलवाला लांबूनच नाक मुरडायचा. संध्याकाळी बाई पेटी उचलून आतल्या कपाटात ठेवायच्या, सुरक्षित म्हणून. बस."

त्यांच्यासमोर पेपरच्या स्टँडला दोरीने बांधलेलं मोठं भिंग लटकत होतं.

"हे कधी आलं?"

"आलं खरं." ते खूश झाले. "बारीक छपाई दिसेना झाली होती. वय झालं की माणसं न सांगता समजून घेतात, असं नाही म्हणायचं? माझा जावई नाही घेत. पण इथे घेतलं कोणीतरी."

राहिल्या ग्रंथपालबाई. त्यांना आम्ही मुलं शूबाई म्हणतो. शिंकणाऱ्यालाही त्या 'शूऽऽ' करतात. त्यांचा आवाज असा की सॉरीसुद्धा मनातल्या मनात म्हणावंसं वाटतं. त्या आतल्या खोलीत, जुन्या कार्ड-कॅटलॉगच्या कपाटाला पाठ लावून बसल्या होत्या. कॉम्प्युटर आल्यापासून ते छोट्या छोट्या खणांचं कपाट कुणी उघडत नाही. पुस्तकाच्या नावाची कार्डं त्यात अजून असतील, वर्णानुक्रमाने, कुणी शोधायला येईल म्हणून.

"बाई, पेटी संध्याकाळी तुमच्याकडे असायची."

"असायची."

"तेव्हा तुम्ही एकट्याच असायच्या?"

"लायब्ररी बंद झाल्यावर इथे कोण असणार? वाघ?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "माझ्यावर संशय घेतेस?"

"सगळ्यांवर घेते. आळीपाळीने."

"मग ऐक. मला वरच्या मजल्यावर नेणार आहेत, याच पगारावर. तिथे वाचक बसणारच नाहीत, म्हणजे आरडाओरडा नाही, बाटल्या सांडणं नाही. त्या चिठ्ठ्या पळवून मला काय मिळणार?"

हिशेब बरोबर होता. लायब्ररी टिकावी असं वाटणारा माणूस हरकती पळवणार नाही. आणि ती जावी असं ज्याला वाटतं, ते हॉलकाका पेटीपर्यंत पोचलेच नव्हते.

निघताना मला दिसलं, बाईंचे डोळे सुजले होते. मी पुढचा प्रश्न विचारणार होते, तेवढ्यात त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

५

जेवताना बाबा म्हणाले, "मी उद्या सांगणार आहे की मीच काढल्या."

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. "काय काढल्या?"

"चिठ्ठ्या. साहेब म्हणाला ना, पेटीत हात घातला गेला असेल तर पुन्हा मागवू. मग मागवू दे. लोक पुन्हा लिहितील."

"आणि पालिकेची कामं? कचऱ्याचे डबे, गटारांची झाकणं? चोराला देतील ती?"

"दुसरी बघू."

"दुसरी कुठली? तुम्ही काय झाडावरून तोडून आणणार आहात?"

"हिला बसायला जागा नको?" बाबा माझ्याकडे बघत नव्हते. "रोज खाली ठोकताना मला वरचं कळतं, हिने पुस्तक मिटलं. खुर्ची सरकते ना, ते ऐकू येतं."

इतकी वर्षं मला वाटायचं, त्या ठणठणाटात त्यांना आमचं काहीच ऐकू येत नाही.

"बाबा, तुम्ही असलं काही बोलायचं नाही," मी म्हणाले. "मी उद्या सुनावणीआधी सांगते कोण ते."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर मी म्हणेन मी काढल्या. बघू मग साहेब कोणाचं नाव लिहितो."

आई म्हणाली, "वा. बापलेक दोघं तुरुंगात. मी डबा कोणाकोणाला आणू?" आणि तिने आमच्या दोघांच्या ताटात न विचारता वाढलं. याचा अर्थ, वाद संपला. पण बाबांनी मान हलवली नव्हती.

६

सकाळी सुनावणीच्या खुर्च्या मांडायच्या आत मी लायब्ररीत पोचले. शाळेच्या गणवेशात, कारण तिथूनच शाळेत जायचं होतं. विचार करायला मी माझ्या खुर्चीत बसले. बसताना सवयीने डावा हात अंगाशी घेतला, कोपर उचललं, आणि वळसा घालून टेबलावर ठेवलं.

मग मी हाताकडे बघत राहिले.

त्या टेबलाच्या कडेला खालून एक खिळा वर आलेला होता. त्यात माझ्या गणवेशाची बाही दोनदा फाटली. आईला मी सांगितलं होतं शाळेच्या कुंपणात अडकली, कारण लायब्ररीत फाटली म्हटलं असतं तर लायब्ररीच बंद झाली असती, पालिकेच्याही आधी. बाबांनाही सांगितलं नव्हतं. मैत्रिणींनाही नाही. म्हणून तर मी वळसा घालून बसायला शिकले.

मी कडेखालून हात फिरवला. खिळा नव्हता. तिथे लाकडाची नवी खुंटी ठोकून घासून गुळगुळीत केली होती.

खिळ्याची गोष्ट मी जगात एकाच ठिकाणी सांगितली होती. पिवळ्या चिठ्ठीत. 'वाचनकक्ष बंद करू नका. आणि खिडकीजवळच्या टेबलाचा खिळा काढा.'

मग एकामागून एक सगळं जागेवर बसत गेलं. खुर्च्यांचं रबर. पंखा. स्वच्छतागृहाची कडी. आजोबांनी कुणालाही न सांगितलेलं भिंग. पेटी उघडायच्या आधीच कोणीतरी आमच्या चिठ्ठ्या वाचत होतं आणि वाचून एकेक गोष्ट दुरुस्त करत होतं. आणि सुताराला बोलावण्याचा हक्क लायब्ररीत एकाच माणसाला आहे.

मी आतल्या खोलीचं दार न ठोठावता उघडलं.

"बाई, खिळा तुम्ही काढलात."

शूबाई कॅटलॉगच्या कपाटासमोर उभ्या होत्या. त्यांनी नाही म्हटलं नाही. एक खण ओढला.

खणात पिवळ्या चिठ्ठ्या होत्या. उभ्या, नीट, आणि त्यांच्यामध्ये जाड कागदाचे विभाग, त्यांवर बाईंच्या सुबक अक्षरात: 'आसनव्यवस्था.' 'पंखे व दिवे.' 'बालविभाग.' 'स्वच्छतागृह.' दुसरं कोणी असतं तर चिठ्ठ्या जाळल्या असत्या. बाईंनी त्यांचं वर्गीकरण केलं होतं.

"फेकवेनात," त्या म्हणाल्या.

"पण काढल्याच कशाला?"

"पेटी ठेवली त्याच संध्याकाळी एक पांढरी चिठ्ठी फटीत अडकली होती. आत ढकलताना वाचली गेली." त्यांनी सगळ्यात खालचा खण उघडला. तो काठोकाठ भरला होता. विभागावर लिहिलं होतं, 'ग्रंथपाल.'

मी वरची उचलली. 'बाई वसकन अंगावर येतात.' त्याखालची: 'माझा मुलगा त्यांच्या भीतीने येत नाही.'

"बाकी कोण काय म्हणतं ते बघायचं होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून पिशवी लावली. वाटलं, सांगितलेलं सगळं दुरुस्त करून टाकू आणि मग परत टाकू. खिळा निघतो. पंखा निघतो. पण हे..." त्यांनी खालच्या खणाकडे बघितलं. "जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो लायब्ररी हवी. आणि निम्मे म्हणतात, ही बाई नको. ते वरच्या साहेबांनी वाचायचं? तेवढ्या वेगळ्या काढून बाकीच्या पेटीत टाकाव्यात, तर ती लबाडी. ठरेना. आणि काल पेटी उघडायला साहेब लवकरच आले. पिशवी ओढून घेण्याइतकाच वेळ मिळाला."

मला त्यांची दया आली. रागही आला. राग मोठा होता.

"बाई, थोड्या वेळाने माझे बाबा तिथे उभे राहून चोर म्हणवून घेणार आहेत. तुमच्या जागी."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "हे मला माहीत नव्हतं."

"आता झालं. येताय बाहेर?"

बाहेर खुर्च्या मांडल्याचा आवाज येत होता. बाईंनी खण बंद केला. मग कपाटाकडे तोंड केलं.

७

साहेबांनी घसा खाकरला. "कालच्या पेटीबाबत कुणाला काही सांगायचं आहे?"

बाबा उठले. धुतलेला शर्ट घातला होता त्यांनी, वरचं बटणही लावलेलं.

"साहेब, ती पेटी..."

"...माझ्या बाबांनी फक्त बनवली," मी म्हणाले. मी खुर्चीवर चढले होते. खाली उभं राहिलं की मोठी माणसं डोक्यावरून बोलतात. "बाबा, बसा. साहेब, झाकण बघा. फटीच्या आत डिंक आहे."

मग मी सगळं सांगितलं. पिशवी लावून, ओढून दाखवली. लोकांनी ती हातोहात मागे नेली. पांढऱ्या तळाला का आणि पिवळ्या गायब का, ते सांगितलं. किल्ली लागतच नाही, तेही. नाव मात्र सांगितलं नाही. ते माझ्या जिभेवर होतं आणि मी दाराकडे बघत होते.

"गोष्ट छान आहे," साहेब म्हणाले. "पण चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"काल्पनिक चिठ्ठ्या," हॉलकाका म्हणाले. "हॉलच्या जागी हवेतला किल्ला."

"बाजूला व्हा," दारातून आवाज आला.

शूबाई येत होत्या. हातांत कॅटलॉगचे खण एकावर एक, हनुवटीपर्यंत. त्यांनी ते साहेबांसमोर टेबलावर ठेवले आणि श्वास घेतला.

"मी काढल्या. पिशवी माझी. यांच्या किल्लीचा संबंध नाही, असं आधी लिहा. काय कारवाई करायची ती माझ्यावर करा."

कक्षात अशी गलबल उठली की कुणी कुणाला शूऽऽ म्हणायला उरलं नाही. बाबा सावकाश बसले. वरचं बटण त्यांनी सोडलं.

साहेबांनी एक खण ओढून बघितला आणि परत सरकवला. "कारवाई होईल. पण या चिठ्ठ्या पेटीबाहेरच्या आहेत. ग्राह्य धरता येणार नाहीत. कागदोपत्री हरकत शून्यच राहते."

"म्हणजे बाबा चोर नाहीत, बाई चोर, आणि शिक्षा आम्हाला?" मी म्हणाले.

"नियम आहे, बाळ."

तेवढ्यात पेपरआजोबांनी हात वर केला, वर्गातल्यासारखा. "साहेब, सुनावणीत तोंडी हरकत घेता येते की नाही?"

साहेबांनी चष्मा नीट केला. "येते. ज्याची त्याने, स्वतः. आणि मला प्रत्येक नोंदवावी लागते."

"मग लागा नोंदवायला."

साहेबांनी खणांकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. त्यांना अंदाज आला असावा. पेन उघडताना त्यांचा चेहरा उतरला होता.

बाईंनी पहिला खण उघडला आणि नावं पुकारायला सुरुवात केली. माणसं येत होती, आपापली चिठ्ठी घेत होती, वाचत होती. आजोबांनी भिंगाचं वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, "मिळालं, आभार. पण कक्ष बंद करू नका, हे अजून मिळालेलं नाही." एका काकूंनी कडीचं वाचलं. त्यांच्या सुनेने बालविभागाचं. चिठ्ठ्यांमध्ये बाईंबद्दल लिहिलेलं आलं की लोक अडखळायचे, वाक्य गिळायला बघायचे.

"पूर्ण वाचा," बाई म्हणायच्या. "लिहिलंय ते सगळं."

आणि लोक पूर्ण वाचायचे. एकाने तर वाचून झाल्यावर मान खाली घातली. बाईंनी पुढचं नाव पुकारलं.

मग एक बिननावाची चिठ्ठी निघाली. "ही कोणाची?" त्यांनी विचारलं. कोणी हललं नाही. साहेब म्हणाले, "नाव नसेल तर सोडा. नोंदवणार कोणाच्या नावावर?"

बाईंनी ती स्वतःच वाचली. त्यांचा तो आवाज, ज्याला आम्ही सगळे घाबरायचो, पहिल्यांदा मागच्या भिंतीपर्यंत गेला. "'लायब्ररी इथेच राहू दे. बाई मात्र बदला. त्या पुस्तकांना जपतात तेवढं माणसांना जपत नाहीत.'" त्यांनी चिठ्ठी साहेबांपुढे ठेवली. "माझ्या नावावर लिहा. शब्दन् शब्द मला मान्य आहे."

साहेबांनी लिहिलं.

उन्हं खिडकीतून निघून समोरच्या कपाटावर गेली तरी रांग जिन्यापर्यंत होती. हॉलकाका दोनदा म्हणाले की हॉलमध्ये दुसरा कार्यक्रम आहे, आणि दोनदा त्यांना सांगण्यात आलं की हा हॉल नाही. शेवटी साहेबांनी बोटं चोळली आणि रांगेकडे हात केला.

"पुरे आता. एवढ्या हरकतींवर प्रस्ताव पुढे जात नाही, परत जातो. वाचनकक्ष आहे तसा राहील. झालं समाधान? जा घरी."

टाळ्या पडल्या. खुर्च्या सरकल्या. बाबांनी माझं दप्तर उचललं. माझी शाळा तर केव्हाच बुडाली होती.

मी टेबलापाशी गेले.

"माझी राहिली."

"अगं, मिळालं ना तुम्हाला हवं ते."

"आज मिळालं. पण हे कागद पुढच्या वेळी कोणीतरी उघडेल. त्यात मी असायला हवी."

साहेबांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. गणवेश, फाटून शिवलेली बाही. "वय काय तुझं?" मी सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली. तुझी हरकत धरता येत नाही. वडिलांनी त्यांची नोंदवली आहे, त्यात तू आलीस."

"मी त्यांच्यात येत नाही. ते पत्र्यात काम करतात, मी इथे बसते. आज जेवढ्यांनी हरकत घेतली त्या सगळ्यांपेक्षा जास्त वर्षं मी इथे बसणार आहे."

"नियम..."

"नियमात बसत नसेल तर खाली लिहा, की बसत नाही. पण लिहा."

ते वाट बघत राहिले, मी जाईन म्हणून. माझ्यामागे बाबा उभे होते. त्यांनी मला चल म्हटलं नाही. दप्तर खाली ठेवलं, शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले.

"बोल," शेवटी साहेब म्हणाले.

मी बोलायला सुरुवात केली. सावकाश, म्हणजे त्यांना लिहिता येईल.